नातेवाइकांना समजावून सांगितले

आईचा हात ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी सकाळी वाकडा झाला, आणि तो का वाकडा झाला हे मला सोडून वॉर्डातल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं.

झालं असं. सिस्टर रक्तदाब मोजायला आली. तिने आईच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आणि तेवढ्यात पलीकडच्या कोणाचं तरी सलाइन संपलं म्हणून ती तिकडे वळली. पट्टा तसाच फुगलेला. मी आईच्या हाताकडे बघत होते, कारण वॉर्डात बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं. बघता बघता तिचं मनगट आत वळलं, अंगठा तळव्यात शिरला आणि बाकीची बोटं एकमेकांना चिकटून, टोकं जुळवून सरळ उभी राहिली. अरुंद तोंडाच्या मडक्यात हात घालताना आपण करतो ना, तसा हात. आईने दात आवळून धरले होते. सिस्टर परत आली, हवा सोडत तिने काट्याकडे पाहिलं, आकडा टिपला, पट्टा काढला आणि पुढच्या खाटेकडे गेली. हाताकडे तिचं लक्षच नव्हतं. थोड्या वेळाने बोटं सैल झाली आणि आईने हात पटकन शालीखाली घेतला.

शेजारच्या खाटेवरच्या नालोंगोने मात्र सगळं पाहिलं होतं. जुळ्यांच्या आईला आमच्याकडे नालोंगो म्हणतात. तिचं खरं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. ती हळूच म्हणाली, “ओबुको.” तिच्या पलीकडच्या दोघींनी माना डोलावल्या.

सासू आणि जावई यांनी एकमेकांपासून लांब राहायचं, हा आम्हा बागांडा लोकांचा नियम. त्याने तिला शिवायचं नाही, तिच्यासमोर जेवायचं नाही. वाटेत गाठ पडलीच तर तिने डोक्यावरून कापड ओढून केळीच्या बागेत शिरायचं. नियम मोडला की अंगाला कंप सुटतो, आणि त्या दुखण्याचं नाव ओबुको. आम्ही सगळे रविवारी चर्चला जाणारी माणसं. या गोष्टीवर आमच्यापैकी कोणाचा विश्वास नाही, आणि मोडून बघायची हिंमतही कोणाची नाही.

आमच्या घरात तो नियम सोमवारी मोडला होता, तोही इस्पितळाच्या फाटकात, पन्नास माणसांच्या देखत.

आईच्या गळ्याला वीस वर्षं गाठ होती. आधी लिंबाएवढी, मग आंब्याएवढी. यंदा ती श्वासावर दाबायला लागली, तेव्हा कुठे एफुलान्सीबाई, म्हणजे आमची आई, ऑपरेशनला तयार झाली. तिला भाऊ नाही, मुलगा नाही, वडील जाऊन नऊ वर्षं झाली. घरात गाडी एकाकडेच, माझ्या थोरल्या बहिणीच्या, नाब्बोसाच्या नवऱ्याकडे. त्याचं नाव क्योबे. पिकअपमध्ये मागे गादी घालून, मध्ये ताडपत्रीचा आडपडदा लावून त्याने आईला मसाकाच्या रस्त्याने आणलं. फाटकाशी पोचतो तोच आईचा श्वास अडकला. ढकलगाडी आणायला गेलेला माणूस काही परत येईना. मी आणि ताईने तिला धरलं, पण ती आमच्या हातून घसरायला लागली. तेव्हा क्योबे खाली उतरला, आडपडदा बाजूला केला, सासूला दोन्ही हातांवर उचललं आणि आत पळाला. फाटकातल्या बायकांनी तोंडाला हात लावले ते मी पाहिलं. आईने डोळे घट्ट मिटून घेतले होते तेही पाहिलं.

ऑपरेशन झालं तेव्हा मी आणि ताई रक्त द्यायला दुसऱ्या इमारतीत होतो. डॉक्टर बाहेर आले, क्योबेशी बोलले आणि निघून गेले. आम्हाला क्योबेकडून कळलं ते एवढंच, की सगळं ठीक झालं. तेव्हापासून तो फणसाच्या झाडाखाली गाडीशेजारी बसून होता. वॉर्डाच्या दाराशीही आला नाही.

मी कॉफीच्या कारखान्यात नमुने तपासते. पोत्यावर काय लिहिलंय त्यावर विसंबायचं नाही, पोत्यात पोकळ सुया खुपसायच्या, मूठभर बिया काढायच्या आणि फोडून बघायच्या, हे माझं अठरा वर्षांचं काम. त्यामुळे मला एक खोड जडली आहे. ताई तिला नसती उठाठेव म्हणते. कोणी सांगितलं म्हणून मला काही पटत नाही, आणि कोणी काही सांगितलंच नाही तर मला झोप येत नाही. त्या इस्पितळात कोणीच काही सांगत नव्हतं. गळ्यातून काय काढलं, किती काढलं, नळी कशाची, आवाज का बसला, काही म्हणजे काही नाही.

विचारायची सोय होती, पण ती आमच्या चालीरीतीत बसत नव्हती. आमच्याकडे बाईने मोठ्या माणसाशी बोलायचं तर गुडघे टेकायचे, आणि आधी विचारपूस पुरी करायची. रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, तुमच्या कामाबद्दल आभार. डॉक्टर ओगवाल सकाळच्या फेरीला यायचे, मी गुडघे टेकायची, विचारपूस सुरू करायची, आणि घरचे कसे आहेत इथवर पोचेपर्यंत ते दोन खाटा पुढे गेलेले असायचे. मंगळवारी हेच झालं. बुधवारीही झालं. फक्त बुधवारी ते जाता जाता सिस्टरला म्हणाले की हिला उद्या घरी पाठवा.

हात वाकडा झाल्यावर मी सिस्टरला गाठलं. ती म्हणाली, ऑपरेशननंतर अशक्तपणा असतोच, पेज पाजा. मी म्हटलं, अशक्त हात लोंबतो, हा तर आखडला. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मी नर्सिंग कुठे शिकले ते विचारलं. फाइल बघू का म्हटलं, तर फाइल नातेवाइकांनी बघायची नसते. बेचाळीस खाटांना ती एकटी होती हे मला दिसत होतं. तरी मला राग आला आणि तो मी गिळला.

परत आले तर ताईचं सगळं ठरलं होतं. उद्या सुट्टी मिळाली की आईला थेट आत्याच्या गावी न्यायचं. तिथे एक म्हातारी आहे, ती ओबुकोवर पाला देते. ताईचा चेहरा रडून सुजला होता. तिची अडचण मला कळत होती. आईचं बरंवाईट झालं असतं, तर ते तिच्या नवऱ्याच्या हातून झालं असं गाव जन्मभर म्हणत राहिलं असतं. वर सिस्टरला ओबुकोचं काही सांगू नकोस म्हणून तिने मला शपथ घातली. “हे घरचं दुखणं आहे. इस्पितळात सांगितलं तर हसतील आपल्याला.”

आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. दोन्ही हात शालीखाली. पेजेला मानेनेच नको म्हटलं.

मी तिच्या पायाशी चटईवर बसले आणि विचार करायला लागले. ओबुको मी पाहिलेला होता. आमच्या आजीच्या बहिणीला होता असं म्हणत. तिची मान सतत नको नको म्हटल्यासारखी हलायची आणि कपातला चहा बशीत सांडायचा. ते हलणं कधी थांबत नसे. आईचा हात हलत नव्हता. तो कुलूप लागल्यासारखा अडकला आणि मग सुटला. एक दुखणं हलवतं, दुसरं अडकवतं, मग दोन्हींना एकच नाव कसं? आणि दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. जावयाने उचललं सोमवारी. हात वाकडा झाला बुधवारी, पट्टा बांधल्यावर. मधल्या दोन दिवसांत ओबुको कुठे फिरायला गेला होता?

मी डोक्याचं फडकं सोडलं. “आई, जरा हात दे.”

तिने दिला नाही. मी शालीखालून काढून घेतला. तिच्या दंडावर फडकं गुंडाळलं, त्यात लाकडी पळीचा दांडा घातला आणि पीळ देत गेले. ताईने माझं मनगट धरलं.

“आई आहे ती. कॉफीचं पोतं नव्हे.”

“म्हणूनच बघतेय,” मी म्हटलं.

नालोंगो कोपरावर उठून बसली. तिला भारीच उत्सुकता. मी मनात आकडे मोजत होते. शंभराच्या आसपास अंगठा आत गेला. दीडशेला हात पुरता मडक्यात शिरला. मी पीळ सोडला, तशी बोटं एकेक करून उघडली. मग तेच फडकं मी माझ्या दंडाला बांधलं आणि तीनशेपर्यंत मोजलं. माझा हात बधिर झाला, निळसर झाला, पण वाकला नाही. नालोंगोने स्वतःहून आपला दंड पुढे केला. तिचाही वाकला नाही.

आता राहिला जावई. मी खिडकीतून क्योबेला हाक मारली आणि गाडीतली किटली घेऊन खिडकीजवळ या म्हटलं. तो आला, मान खाली घालून, आणि किटली कट्ट्यावर ठेवून उभा राहिला. आईने शाल तोंडावर ओढली. मी तिचे दोन्ही हात हातात धरून ठेवले होते. दोनशेपर्यंत मोजलं. बोटं मऊ होती. तो गेला.

“बघ,” मी ताईला म्हटलं. “पट्टा बांधला की वाकतो. दाजी आले तर वाकत नाही.”

बोलली ती आई, तीन दिवसांत पहिल्यांदा, बसक्या आवाजात. शाल तोंडावरून न काढता तिने विचारलं, “मग ओठ?”

“ओठ काय?”

“ओठांना मुंग्या आहेत. काल संध्याकाळपासून. बोटांच्या टोकांनाही.”

मी शाल खाली ओढली. तिचे ओठ दिसायला नेहमीसारखेच होते. तिने ते जिभेने ओले केले आणि थरथरून परत मिटले. कालपासून गप्प का राहिलीस, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता, तो मला नंतर ऐकू आला.

“सांगून काय करू? त्याच्यावर बोल आला असता,” आई म्हणाली. “मला मरू न देता त्याने आत आणलं. आणि मीच म्हणू, की त्याच्यामुळे झालं?”

मला त्या क्षणी तिचा इतका राग आला आणि इतकी माया आली की दोन्हींतलं आधी काय करावं कळेना. मी उठले आणि फणसाच्या झाडाकडे गेले.

वाटेत एकच प्रश्न डोक्यात होता. डॉक्टरांनी आम्हाला काही सांगितलं नाही हे खरं, पण एका माणसाला सांगितलं होतं. कारखान्यात पोतं खराब निघालं की आम्ही आधी विचारतो, शेवटचं कोणाच्या हातात होतं.

क्योबे चाकापाशी उकिडवा बसला होता. मला बघून उठला.

“दाजी, सोमवारी डॉक्टर नक्की काय म्हणाले?”

“सगळं ठीक झालं म्हणाले.”

“किती वेळ बोलत होते?”

तो विचारात पडला. “असतील तीन-चार मिनिटं.”

“सगळं ठीक झालं म्हणायला चार मिनिटं लागत नाहीत.”

मी त्याला टाळायला जागा दिली नाही. तो गाडीच्या काचेवरची धूळ बोटाने पुसत राहिला. मग चाकाकडे बघत तुटक तुटक बोलला. डॉक्टर इंग्रजीत बोलत होते, अर्धं कळलं. दोन-तीन दिवस लक्ष ठेवा म्हणाले. मुंग्या आल्या, बोटं आखडली, तर लगेच सांगा.

“मुंग्या कुठे?”

त्याने आपल्याच ओठांवर बोट ठेवलं आणि लगेच काढलं.

“आणि ताईला तुम्ही काय सांगितलंत?”

“आईंची नीट काळजी घे म्हटलं.”

“बस, एवढंच?”

“मग काय म्हणू?” त्याने पहिल्यांदा मान वर केली. त्याचे डोळे तांबारले होते. “तुझ्या आईच्या ओठांकडे बघत बस, असं म्हणू बायकोला? मी, जावयाने? आधीच या हातांनी मी त्यांना...” त्याने हात पुढे केले आणि लगेच मागे घेतले. “तीन दिवस मला वाटतंय, माझ्यामुळे त्या जाणार.”

त्याला ओरडावं म्हणून गेले होते, ते राहूनच गेलं. दोघांचीही अळीमिळी गुपचिळी. त्याने तिचा मान राखायला तोंड मिटलं, तिने त्याचा मान राखायला. आणि असे मान राखता राखता उद्या सकाळी आम्ही तिला पाला प्यायला गावी घेऊन चाललो होतो.

मी धावत गेले. डॉक्टर ओगवाल बाहेरच्या रुग्णांच्या खोलीत होते. दारात रांग होती. मी रांग मोडली, आत गेले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसासमोर गुडघे न टेकता उभी राहिले. विचारपूसही केली नाही.

“मुसावो,” मी म्हटलं. वैद्यकी करणाऱ्या कोणालाही आम्ही अशीच हाक मारतो. “गळ्याचं ऑपरेशन, खाट सतरा. ओठांना मुंग्या, कालपासून. पट्टा बांधला की हात वाकतो.” आणि मी माझा हात मडक्यात घालताना करतात तसा करून दाखवला.

त्या हाताकडे बघून ते खुर्चीवरून उठले. दोन दिवस माझ्या तोंडून न ऐकलेलं सगळं त्यांनी त्या हातात वाचलं. वॉर्डात येईपर्यंत ते माझ्यापुढे चालत होते. आईला पट्टा बांधला, हात वाकला. सिस्टरला इंजेक्शन आणायला सांगितलं, तर ते वॉर्डात नव्हतं. शेवटी ऑपरेशन थिएटरच्या कपाटात मिळालं. ते त्यांनी स्वतः दिलं, शिरेतून, अगदी सावकाश. एक हात आईच्या नाडीवर ठेवून दहा मिनिटं ते खाटेवर बसून राहिले. खाटेवर बसलेला डॉक्टर मी प्रथमच पाहत होते.

आईने ओठ ओले केले. “गेल्या,” ती म्हणाली.

मग मला हवं होतं ते सगळं त्यांनी सांगितलं, आणि लुगांडात, आमच्या भाषेत सांगितलं. त्यांची लुगांडा बाजारातली, मोडकी, पण समजत होती. गळ्यातल्या गाठीच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तातल्या कॅल्शियमवर त्यांची नजर असते. मोठी गाठ काढताना त्या दुखावतात, कधी गाठीबरोबर जातातही. मग कॅल्शियम उतरतं, आधी मुंग्या, मग हात, आणि दुर्लक्ष झालं तर गळाही असाच आखडतो. गळा आखडला तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी, मीसुद्धा, विचारलं नाही.

दुसरंच विचारलं. “हे आम्हाला आधी का नाही सांगितलंत?”

त्यांनी फाइल मागवली आणि माझ्यासमोर उघडली. सोमवारची नोंद त्यांच्याच अक्षरात होती. दर चार तासांनी हात तपासणे. खाली त्या तपासण्यांसाठी आखलेले रकाने, सगळे कोरे. सिस्टर माझ्या मागे उभी होती. शेवटची ओळ होती: नातेवाइकांना समजावून सांगितले.

“कोणत्या नातेवाइकांना?” मी विचारलं.

“मुलाला. बाहेर उभा होता तो.”

“तिला मुलगा नाही. तो जावई.”

डॉक्टर ओगवाल उत्तरेकडचे, लांगोतले. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. म्हणाले, आमच्याकडेही जावई सासूसमोर जेवत नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली, मी माझ्या सासूबाईंना चेहऱ्याने ओळखणार नाही. मग म्हणाले, “तू हिचा कोण, एवढं मी त्याला विचारायला हवं होतं. एकच प्रश्न होता.”

यावर मला त्यांना बरंच सुनवायचं होतं. मनात जुळवून ठेवलं होतं. पण प्रश्न न विचारल्याची कबुली देणारा माणूस मला त्या इमारतीत पहिल्यांदाच भेटत होता, म्हणून मी फाइल मिटून त्यांना परत दिली. ती शेवटची ओळ मात्र खोडा म्हटलं. त्यांनी खोडली नाही. तिच्याखाली बुधवारची तारीख घालून लिहिलं, की मुलीला सांगितले, आणि माझं नाव विचारून घेतलं.

गुरुवारी सुट्टी मिळाली नाही. आणखी आठ दिवस आम्ही तिथेच राहिलो, आणि घरी निघताना गोळ्यांची मोठी डबी आणि मुंग्यांची ताकीद बरोबर होती. गोळी चुकली तर परत तेच होईल. महिनाभर रोज विचारत जा, असं डॉक्टरांनी सांगितलं. सगळ्यांना एकत्र उभं करून सांगितलं. क्योबे दाराबाहेर भिंतीला टेकून ऐकत होता.

मी कारखान्यात परतले, ताई तिच्या घरी. आईकडे रोज जाऊ शकेल असा एकच माणूस होता, ज्याची गाडी तिच्या दारावरून जाते.

पहिल्या शनिवारी मी गेले तेव्हा आई स्वयंपाकघरात केळी सोलत होती. बाहेर पिकअप थांबली. आईने सुरी ठेवली, डोक्यावरून कापड घेतलं आणि दाराच्या फळीमागे जाऊन उभी राहिली. पावलं अंगणात, दारापासून चार हातांवर थांबली.

क्योबेने घसा साफ केला. “आई,” तो केळीच्या झाडांकडे तोंड करून म्हणाला, “ओठांना मुंग्या?”

“नाहीत.”

“गोळी?”

“घेतली, बाबा.”

मग दाराआडून आईने नुसता हात बाहेर काढला आणि बोटं पसरली, मिटली, परत पसरली. क्योबे दाराकडे वळला. जावयाने सासूच्या हाताकडे बघायचं नसतं. पाची बोटं उघडेपर्यंत तो बघत राहिला, आणि मगच गाडीकडे गेला.